काना

अर्जाच्या सातव्या रकान्यात लिहायचं आहे:
घटनेचे वर्णन, थोडक्यात.
तीन ओळी आखलेल्या.
चौतीस वर्षं मराठी शिकवली मी कुर्टीच्या शाळेत
आणि या तीन ओळींपाशी
दोन दिवस पेनाचं टोपण काढून बसले आहे.

घडलं ते एवढंच.
माझी वॅगनार, बारा वर्षांची, राखाडी,
कायतानच्या गॅरेजात सायलेन्सरसाठी दिलेली.
लिफ्टवर चढली, माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली,
आणि डाव्या कुशीवर आली खाली, हवेच्या टाकीवर.
दार आत, खांब वाकडा, काचेची खडीसाखर.
डिकीत मंगेशीचा नारळ होता. तो शाबूत.

कायतान म्हणतो, लिहा बाई, गाडी पडली.
पडली म्हणजे फणस पडतो तशी,
कुणाचा हात नाही, कुणाचं नाव नाही.
माझी विमा कंपनी म्हणते, गाडी गॅरेजच्या ताब्यात होती,
त्यांच्या पॉलिसीकडे जा.
त्यांची पॉलिसी म्हणते, आमच्या माणसाची चूक दाखवा.
पणजीहून सर्व्हेअर आला, उसगावकर,
उकिडवा बसून चाळीस फोटो काढले,
कोकम सरबत अर्धंच प्यायला
आणि मला बाजूला घेऊन म्हणाला,
"पाडली असेल तर पैसे त्यांचे.
पडली असेल तर तुमच्याच पॉलिसीतून, घसारा वजा जाता.
सावकाश लिहा."

एक काना.
नववी 'ब'च्या फळ्यावर लिहायचे मी:
पडणे, पाडणे. मरणे, मारणे. गळणे, गाळणे.
मागच्या बाकावरून आवाज यायचा,
टीचर, दोन्हींत वस्तू खालीच जाता न्हय?
तो सगुण.
लिफ्टचं बटण परवा त्याच्याच अंगठ्याखाली होतं.

तिन्हीसांजेला आला. चपला पायरीखाली काढल्या,
पण आत येईना.
रॉकेलनं धुतलेले हात, नखांत तरी काळं.
"टीचर, एका हाताक रबर नाशिल्लें.
पात्रांवाक दोनदां सांगिल्लें."
मग बराच वेळ अबोलीच्या वाफ्याकडे बघत राहिला.
मी पगार विचारला. त्यानं सांगितला.
तो गेल्यावर मागच्या कागदावर भागाकार केला:
दार, खांब, काच, भागिले सगुण.
एकोणीस महिने आले, न जेवता.

क्रियापदाला प्रश्न विचारा, असं शिकवायचे मी.
कोणी पाडली?
जे बसवलंच नाही ते रबर कर्ता होऊ शकतं का?
आणि कायतान
त्या दिवशी मडगावला भाचीच्या लग्नात होता, टाय लावून.
हाच कायतान, रात्री अडीचला
माझ्या नवऱ्याला बांबोळीला घेऊन गेला होता,
पेट्रोलचे पैसे घेतले नव्हते,
पुढे कधी त्याचा उच्चारही नाही.
व्याकरणात हे कुठे बसवायचं
मला कुणी शिकवलं नाही.

शेवटी लिहिलं:
लिफ्टच्या चार हातांपैकी एकाला रबर नव्हते.
मालकास हे दोनदा सांगितलेले होते.
मालकाने गाडी
आणि पुढे तो शब्द, ओळ संपता संपता, कडेला.

महिन्याभरानं पत्र आलं.
रकाना क्र. ७, क्रियापद अवाच्य. कृपया पुन्हा लिहून पाठवावे.
माझं अक्षर!
ज्याला तालुक्यात बक्षीस मिळालं होतं.
भिंगातून पाहिलं सोबतची प्रत:
काना आहेही, नाहीही,
पेन तिथे उचलताना थरथरलं असावं.

आता मी कदंबाच्या बसनं फोंड्याला जाते.
वळणावर गॅरेज दिसतं, निळ्या ताडपत्रीखाली माझी गाडी.
कायतान हात वर करतो, मीही करते.
सगुण दिसलाच तर पाठमोरा.
नारळ अजून डिकीतच आहे.
मागायला हवा. हलवला तर
पाणी वाजेल की नाही, सांगता येत नाही.